भोंगाताई आणि मोकाट सुटलेले थ्रेड

भोंगाताई हे नाव तिला बस ड्रायव्हरांनी दिलं, पण तोंडावर तसं म्हणायची हिंमत पहिली दोन वर्षं कोणाची झाली नाही. स्टँडच्या मधोमध, चौकशीच्या खिडकीच्या डोक्यावर, काचेची एक चिंचोळी खोली होती. तिथे बसून ती माईकवर बोलायची. कोणती गाडी कोणत्या फलाटावर, कोणती उशिरा, कोणाची पिशवी राहिली, कोणाचं पोर हरवलं, हे सगळं चौदा वर्षं लोकांना तिच्याच तोंडून कळलं. आवाज खणखणीत, एकेक शब्द सुटा. आणि मधूनच एखादं असं वाक्य टाकायची की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्या कानातच काहीतरी बिघाड आहे.

"फलाट चारवर बाकावर पाय पसरून बसलेल्या गृहस्थांनी पाय खाली घ्यावेत. आपल्या मोज्याचं भोक इथून दिसत आहे."

हे अगदी गाडीची वेळ सांगायच्या सुरात. त्याबरोबर फलाट चारवरची एकूणएक माणसं पाय खाली घ्यायची.

नवराही तिला या माईकनेच मिळवून दिला. तो नदीपलीकडच्या गाडीवर ड्रायव्हर होता. एकदा त्याने गाडी फलाट दोनऐवजी तीनवर लावली. ही म्हणाली, "नदीपलीकडच्या गाडीच्या चालकांनी बोटं मोजावीत. दोन झाली की थांबावं." स्टँडभर हशा पिकला. तो तणतणत जिना चढून भांडायला वर गेला आणि अर्ध्या तासाने चहा पिऊन खाली आला. त्यानंतर महिनाभर त्याची गाडी इतक्या वेळा चुकीच्या फलाटावर लागली की डेपो मॅनेजरने त्याचे डोळे तपासून घ्यायला सांगितलं. डोळे ठणठणीत निघाले. वर्षाच्या आत लग्न झालं.

मग मशीन आलं.

एका कंपनीने भिंतींना गाद्या लावलेल्या खोलीत तिला अकरा दिवस बसवलं आणि तिचा आवाज तुकड्यातुकड्यांनी भरून घेतला. "एक." "दोन." "फलाट क्रमांक." "सुटेल." "उशिरा धावत आहे." एकूण चारशे बारा तुकडे. कॉम्प्युटर ते हवे तसे जोडून वाक्य करणार होता. ती म्हणायची, खाटीकसुद्धा इतकं बारीक चिरत नाही. 'उशिरा' हा शब्द तिने मुद्दाम असा लांबवून, नाक मुरडून म्हटला की कंपनीच्या लोकांच्या काही लक्षात आलं नाही, ड्रायव्हरांच्या मात्र पहिल्याच दिवशी आलं.

काचेची खोली बंद झाली आणि तिची बदली हरवलेल्या सामानाच्या खोलीत झाली. छत्र्या, डबे, चष्मे, आणि एक कवळी. ही कवळी कोणी न्यायला का येत नाही, आणि तो माणूस जेवतो कसा, याचा विचार करण्यात तिचे दिवस जायचे. संध्याकाळी नवरा घरी येऊन चपला काढता काढता म्हणायचा, "आज तू मला चारदा फलाट पाचवर जायला सांगितलंस."

"अहो, मी दिवसभर छत्र्यांना चिठ्ठ्या बांधत होते."

"आवाज तुझाच होता."

"मग गेलात का?"

"गेलो की. चारही वेळा."

"घरी एकदा सांगून उठत नाही माणूस," ती म्हणायची, "आणि तिथे माझ्या तुकड्यांचं ऐकतो."

दीड वर्ष तिने कसंबसं काढलं. मग एकोणचाळिसाव्या वर्षी तिने प्रोग्रॅमिंगच्या क्लासात नाव घातलं. वर्गातली पोरं तिच्या निम्म्या वयाची. ती तिला 'काकू' म्हणायची आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी तिच्याच वह्या मागायची. दोन वर्षांनी सर्टिफिकेट घेऊन ती थेट आमच्या कंपनीत येऊन धडकली. हीच ती कंपनी, जिने तिचे तुकडे केले होते.

मुलाखतीची हकिकत मला साहेबांनीच सांगितली. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. माणूस सज्जन, पण कोणत्याही बिघाडावर त्यांच्याकडे एकच उपाय असायचा, बंद करून पुन्हा चालू करा. त्यांनी विचारलं, "अनुभव किती?"

"चौदा वर्षांचा. तुमच्या मशीनमध्येच आहे."

"म्हणजे?"

तिने पाठ ताठ केली आणि म्हणाली, "फलाट क्रमांक. सात."

साहेब खुर्चीतून उठूनच उभे राहिले. "तुम्ही!"

"हो. माझा आवाज तुमच्याकडे आधीच कामाला आहे. एकटा आहे बिचारा. म्हटलं, लक्ष ठेवायला घरचं कोणीतरी हवं."

तिला टेस्टिंगवर घेतलं. काम काय, तर दिवसभर स्वतःचाच आवाज ऐकायचा आणि चुका काढायच्या. मी तिथे माहितीपुस्तिका लिहायचे, म्हणजे मशीन कसं वापरायचं ते डेपोच्या लोकांना समजेल अशा भाषेत. आमची टेबलं शेजारी शेजारी. ऑफिस टायरच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर होतं. भिंतीवरच्या फळीवर आठ स्पीकर रांगेने मांडलेले, आणि दिवसभर त्यांतून तिची पुटपुट चालायची. पहिल्याच आठवड्यात तिने स्वतःच्या आवाजात सतरा चुका काढल्या. सतराव्या चुकीपुढे लिहिलं होतं: 'बाई जरा जास्तच खुशीत बोलते.'

आता इथे थ्रेड या शब्दाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याचंच आहे. तिच्या सासूबाईंनी तो शब्द फोनवर ऐकला आणि कोणाला तरी अर्थ विचारला. दोरा, असं उत्तर मिळालं. सून दोऱ्याच्या कंपनीत लागली म्हणून त्यांनी गल्लीभर सांगितलं. तेव्हापासून शेजारणी मागण्या पाठवू लागल्या. आकाशी रंगाचं रीळ, जाड काळा दोरा, परकराला लागेल असा. भोंगाताईने खुलासा केला नाही. ती बाजारातून रिळं विकत आणायची आणि 'कंपनीचाच आहे, तुटणार नाही' म्हणून द्यायची. दोन वर्षं हे चाललं. एकीने तर दोरा तुटल्याची तक्रार केली, तर ही गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "लेखी द्या, मी वर कळवते."

मी पुस्तिकेसाठी थ्रेडचा अर्थ विचारला तो तुफानला. तुफान आमचा मुख्य प्रोग्रॅमर. तिशीचा, काळ्या काड्यांचा चष्मा, आणि कीबोर्ड असा बडवायचा की खाली टायरवाल्याला वाटे पाऊस आला. तेव्हा मशीन एका वेळी एकच घोषणा बोलायचं. डेपोला हवं होतं की आठही फलाटांवर एकाच वेळी वेगवेगळं बोलावं. हे काम तुफानकडे होतं.

"थ्रेड म्हणजे," तो म्हणाला, आणि थांबला. "थ्रेड म्हणजे थ्रेडच."

भोंगाताई शेजारून म्हणाली, "अगं, इतके दिवस प्रोग्रॅम म्हणजे एकटा माणूस होता. एक काम उरकायचं, मग दुसरं. आता याने ऑपरेटिंग सिस्टिमकडून आठ माणसं मागून घेतलीत. सगळी एकाच घरात राहणार, एकाच कपाटातल्या वस्तू वापरणार. माणसं आणणं सोपं असतं. कोण काय उचलतंय आणि कोणाचं काम कधी संपतंय, ते बघण्यात जीव जातो."

"त्याची काळजी नको," तुफान म्हणाला. "माझ्या डिझाइनमध्ये प्रत्येक घोषणा हा एक ऑब्जेक्ट आहे. ऑब्जेक्ट जन्माला आला की स्वतःचा थ्रेड घेतो, त्याला सुरू करतो आणि सोडून देतो. एकदा सुटला की त्याचा तो. मागे वळून बघायचं नाही."

"आणि ऑब्जेक्टचं काय होतं?"

"त्याचं काम झालं. त्याला मोडून टाकायचं, जागा मोकळी."

"थ्रेड बोलतोय तोवरच?"

"ताई," तुफान हसला, "तुम्ही ऐकायचं काम करा ना."

ती गप्प बसली. ती गप्प बसली की काहीतरी घडणार, हे मला तोवर कळायला लागलं होतं.

नवं मशीन डेपोत लागलं. आठवडाभर छान चाललं. मग सुट्ट्या सुरू झाल्या, गर्दी वाढली, घोषणांवर घोषणा येऊ लागल्या, आणि एका दुपारी साऱ्या स्टँडने ऐकलं:

"फलाट क्रमांक तीनवरून सव्वाचार वाजता सुटेल, निळा सदरा घातलेला, वय वर्षे पाच असलेला मुलगा."

बरेच लोक बघायला फलाट तीनवर गेले. गंमत म्हणजे तो हरवलेला मुलगाही आज्ञाधारकपणे तिथे जाऊन उभा राहिला, आणि त्याची आई त्याला तिथेच सापडली. त्यामुळे त्या दिवशी तक्रार कोणीच केली नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र घरी प्रकरण आलं. नवरा दारातच उभा राहिला. चपला काढेना.

"आज तू सगळ्या स्टँडसमोर माझी विल्हेवाट लावायला निघालीस."

"काय?"

त्याने पाठ केलं होतं. "'नदीपलीकडे जाणाऱ्या गाडीचे चालक, दोन दिवसांत मालकाने ओळख पटवून न नेल्यास, विल्हेवाट लावण्यात येईल.'"

आतून सासूबाई म्हणाल्या, "कोणाची विल्हेवाट?"

"माझी, आई. सूनबाई लावतेय."

"जेवण झाल्यावर लाव गं," सासूबाई म्हणाल्या. "सगळं गरम आहे."

नवऱ्याला वाटलं ती हसेल. ती हसली नाही. "मी असं बोलले?" तिने विचारलं.

"तुझ्याच तोंडाने. कंडक्टर मला विचारतोय, वहिनी येतायत ना न्यायला, का मी नेऊ?"

"चौदा वर्षांत," ती म्हणाली, "मी एक वाक्य अर्धवट सोडलं नाही. एक नाही." आणि ती न जेवता वही घेऊन बसली.

सकाळी तिने तुफानला गाठलं. तो म्हणाला, "माझ्या टेबलावर असं होत नाही."

"तुझ्या टेबलावर बस येत नाही."

साहेब म्हणाले, "डेपोला सांगा, बंद करून पुन्हा चालू करा."

पुढचे चार दिवस तिने तुफानचा प्रोग्रॅम छापून घेऊन ओळीने वाचला. मी विचारलं, काय शोधतेयस? पाचव्या दिवशी ती म्हणाली, "सापडलं. अगं, माझ्या खोलीत प्रत्येक घोषणेची चिठ्ठी यायची. चिठ्ठी हातात धरून मी शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचे. समज, मी अर्ध्यात असताना कोणी ती काढून घेतली आणि त्याच जागी दुसरी ठेवली. माझी नजर खालीच. मी काय वाचीन?"

"पहिलीचं अर्धं आणि दुसरीचं अर्धं."

"याचा ऑब्जेक्ट म्हणजे ती चिठ्ठी. थ्रेड बोलतोय, आणि हा गडी चिठ्ठी फाडून जागा मोकळी करतो. गर्दीत लगेच दुसरी घोषणा त्या जागेवर येऊन बसते. याच्या टेबलावर खोटा स्पीकर आहे, त्याचं बोलणं चुटकीसरशी संपतं. खऱ्या घोषणेला अकरा सेकंद लागतात. अकरा सेकंदांत काय वाट्टेल ते होतं."

नुसतं सांगून तुफान ऐकणार नव्हता. तेव्हा तिने जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या आवाजाचे दोनतीन नवे तुकडे भरले, आणि पहिली घोषणा सुरू झाल्या झाल्या दुसरी येईल अशी व्यवस्था केली. मग साहेबांच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. पहिल्या घोषणेत तुफानचं कौतुक होतं, दुसरी हरवलेल्या सामानाची. तिने बटण दाबलं.

"आपल्या कंपनीचे हुशार, तडफदार मुख्य प्रोग्रॅमर," स्पीकर म्हणाला, "बाकाखाली बेवारस आढळले असून, मालकाने ओळख पटवून घेऊन जावे."

मग साहेबांचे खांदे हलायला लागले.

"योगायोग," तुफान म्हणाला.

तिने पुन्हा दाबलं. पुन्हा बाकाखाली. पाच वेळा दाबलं, पाचही वेळा तो बाकाखालीच सापडला. साहेब डोळे पुसत म्हणाले, "आणखी एकदा लावा हो. नाही, तपासायला म्हणून."

तुफानचे कान लाल झाले. "एवढं कळतंय तर तुम्हीच करा ना दुरुस्त!"

"करते," भोंगाताई म्हणाली.

आणि इथे ती तोंडावर आपटली.

तुफानची रचना दोन मजली होती. खाली एक साधा क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट बांधायचा नकाशा, जो थ्रेड घेतो आणि सुरू करतो. त्यावर रचलेला दुसरा, जो घोषणा बोलतो. भोंगाताईने खालच्या क्लासमध्ये तीन ओळी घातल्या: ऑब्जेक्ट मोडायची वेळ आली की आधी थांब, थ्रेडचं काम पुरं होऊ दे, मगच मोड. वाचायला कसं अगदी सरळ. तिने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'मागे वळून बघायचं असतं', आणि ते तुफानच्या डोळ्यांसमोर येईल असा फळा फिरवून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी आवृत्ती डेपोत चढली.

दुपारी दोन वाजता डेपो मॅनेजरचा फोन. साहेबांनी सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"अहो, तुम्ही किती स्वागत करणार आहात?"

"म्हणजे?"

"ऐका." मागून भोंगाताईचा आवाज आला: "प्रवासी मित्रांनो, आपले हार्दिक स्वागत आहे." मग शांतता. मग पुन्हा: "प्रवासी मित्रांनो, आपले हार्दिक स्वागत आहे." मॅनेजर म्हणाला, "सकाळपासून एकतीस वेळा. येणाऱ्याचं स्वागत, जाणाऱ्याचं स्वागत. एक म्हातारे गृहस्थ प्रत्येक वेळी हात जोडतायत, दमले ते. गाड्यांचं कोण सांगणार?"

स्वागत मशीन सुरू झालं की एकदाच व्हायचं. म्हणजे प्रोग्रॅम एकतीस वेळा कोसळून एकतीस वेळा उठला होता. बंद करून पुन्हा चालू करण्याचं काम तो आता स्वतःच करत होता.

सगळे भोंगाताईकडे बघायला लागले. तिने फोन हातात घेतला. "मॅनेजरसाहेब, चूक माझी आहे. मशीन बंद करा. जुना माईक आहे ना खोलीत?"

"आहे. धूळ बसलीय."

"पुसून ठेवा. मी येते."

ती गेली, आणि दोन दिवस तिने सगळ्या स्टँडचा कारभार तोंडाने चालवला. लोकांना फरक कळायला वेळ लागला नाही. "जुन्या बाजाराकडची गाडी वीस मिनिटं उशिरा आहे. चालक म्हणतात टायर, मी म्हणते चहा." नवऱ्याची गाडी त्या दोन दिवसांत सहा वेळा चुकीच्या फलाटावर लागली. इकडे ऑफिसात तुफानने फळा पुसला नाही. चेष्टा करायची त्याला नामी संधी होती, पण तो दिवसभर छापलेले कागद घेऊन बसला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप उचलून बाहेर पडला. स्टँडवर पोचला तर वरून आवाज आला:

"चौकशीच्या खिडकीपाशी लॅपटॉप घेऊन भिंत चाचपणाऱ्या तरुणाने वर यावं. जिना डावीकडे आहे. तिथे दार नाही."

तो वर आला. खोलीत एकच स्टूल होतं, त्यावर बसला. तिने कुरकुर केली नाही, सबबही सांगितली नाही. एवढंच म्हणाली, "का कोसळतं ते कळत नाहीये. रात्रभर झोप नाही."

"मला कळलंय," तो म्हणाला. "बांधताना आधी तळमजला बांधतात, मग वरचा. बरोबर?"

"बरोबर. थांब." तिने माईक ओढला. "विमानतळाची गाडी फलाट एकवर लागली आहे. ढकलाढकली करू नये, विमान तुमच्यासाठी थांबणार नाही, पण गाडी थांबेल." माईक बंद केला. "हं. पुढे."

"मोडताना उलटं. आधी वरचा मजला पाडतात, मग तळमजला. तुमचा थांबायचा हुकूम तळमजल्यावर आहे. तो वाचेपर्यंत वरचा मजला पाडून झालेला असतो. थ्रेड तर वरच बसून बोलतोय."

तिने डोळे मिटले. "म्हणजे बोलणाऱ्याच्या पायाखालची फरशी काढली, आणि मग त्याला म्हटलं, सावकाश होऊ दे तुझं."

"साधारण तसंच."

"बावळटपणा केला मी."

"थोडा," तुफान म्हणाला. त्याला फार बरं वाटलं असणार.

तिने आणखी दोन गाड्या सोडल्या. मग एकदम वळून म्हणाली, "आणि बांधताना? तू थ्रेड कुठे सुरू करतोस?"

"खालच्या क्लासमध्ये. ऑब्जेक्ट जन्माला येतो तेव्हाच."

"तळमजल्यावर?"

"हो."

"वरचा मजला तेव्हा झालेला असतो?"

तुफानने लॅपटॉप उघडून ती ओळ पुन्हा वाचली.

"म्हणजे तूही गड्याला जिना नसताना वर चढवतोयस," ती म्हणाली. "फक्त तो हळू चालतो म्हणून आजवर वाचला. एखाद्या दिवशी लगबगीने निघाला असता तर?"

"पडला असता," तो हळूच म्हणाला.

मग दोघांना हसू फुटलं, आणि माईक चालूच राहिलेला होता. सगळ्या स्टँडने ते हसू ऐकलं. कोणाला काही कळलं नाही, तरी खाली बरेच लोक हसले.

त्या काचेच्या खोलीत, गाड्यांच्या मधल्या वेळात, त्यांनी सगळं नव्याने लिहिलं. ऑब्जेक्ट पुरा बांधून झाल्याशिवाय थ्रेड सुरू करायचा नाही; सुरू करायचा हुकूम वेगळा ठेवायचा. मोडायच्या आधी वरच्या मजल्यानेच थ्रेडला 'आवर' म्हणायचं, तो आवरेपर्यंत थांबायचं, आणि मगच पहिली वीट काढायची. एका स्पीकरवर दोघांनी झडप घालू नये म्हणून प्रत्येक स्पीकरला एक कुलूप, ज्याच्याकडे किल्ली त्यानेच बोलायचं. भांडण झालं ते एकाच गोष्टीवरून. तातडीची घोषणा आली तर चालू घोषणा जागच्या जागी तोडावी, असं तुफानचं म्हणणं. ती ऐकेना. "हातातला तुकडा पुरा करू दे, मग विचार, थांबायचंय का. अर्ध्या शब्दात मी कोणाला गप्प केलेलं खपवून घेणार नाही. त्यातून तो आवाज माझा आहे."

शेवटी तिच्याच म्हणण्यासारखं झालं.

तोवर डेपोत एका वेळी एकच घोषणा बोलणारं जुनं मशीन अडगळीतून काढून परत लावलं. या वेळी तिने फळ्यावर काही लिहिलं नाही. आठ दिवस ऑफिसातच मशीनवर घोषणांचा नुसता मारा केला, स्टँडवर कधी नसेल इतक्या गर्दीचा. टायरवाला वर येऊन विचारून गेला की इतक्या गाड्या जातायत तरी कुठे. मगच ते डेपोत लावलं. दहाव्या दिवशी मॅनेजरचा फोन आला तेव्हा तिचा चेहरा पडला.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काहीच नाही," मॅनेजर म्हणाला. "दहा दिवसांत एकही विनोद झाला नाही. लोक विचारतायत, बंद पडलंय का?"

पुढे ते मशीन चाळीस स्टँडांवर लागलं. भोंगाताई टेस्टिंगवरून प्रोग्रॅमिंगवर आली, आणि ऑफिसात नियमच झाला की कोणी थ्रेड सुरू केला तर तो संपतो कुठे हे तिला आधी दाखवायचं. सासूबाईंना तिने शेवटी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, दोऱ्याचं मला पहिल्या वर्षीच कळलं होतं, पण रिळं फुकट येत होती, मग कशाला बोला? तुफान दोन वर्षांनी मोठ्या कंपनीत गेला. जाताना तिच्या पाया पडायला वाकला, तर ही म्हणाली, "बाकाखाली कोणी आहे का बघतोयस?"

गेल्या शुक्रवारी त्याचा फोन आला. ती आता छप्पन्न वर्षांची आहे, चष्मा लागलाय, आणि फोन सगळ्यांना ऐकू येईल असाच घेते.

"ताई, एक थ्रेड संपतच नाहीये."

"कधीपासून वाट बघतोयस?"

"मंगळवारपासून."

"तो काय करतोय?"

"काहीच नाही. तोही थांबलाय. दुसरा एक थ्रेड संपायची वाट बघतोय."

"कोणता दुसरा? नंबर बघ."

पलीकडे कीबोर्ड वाजला. मग तुफानचा आवाज आला, एकदम बारीक. "ताई."

"बोल."

"तो स्वतःचीच वाट बघतोय."

आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलीने तोंडावर हात ठेवला. भोंगाताईने टेबलावर डोकं ठेवलं आणि ती पुरा एक मिनिट हसली. पलीकडून तुफान म्हणत होता, "ताई, स्पीकरवर नाही ना मी? ताई?" मग तिने डोळे पुसले, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाली, "पाठव इकडे. आणि त्या बिचाऱ्याला आधी सोडव, चार दिवस उभा आहे."